सगळे आवाज काढणारा ॲम्प

"तुम्हाला नेमका कुठला टोन हवाय?" सम्मेदने विचारलं.

मी गिटार मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. माझ्या मागे आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, समोर सम्मेदचे आईवडील, आणि मधे काउंटरवर एक काळा चौकोनी डबा, दिवा लागलेला. दुकानाचे मालक काशीद हात बांधून उभे होते. मी टोन सांगितला की आतून आणून देतो, असा त्यांचा चेहरा होता.

"कुठला म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुमच्या डोक्यात जो आवाज आहे तो."

माझ्या डोक्यात काहीच आवाज नव्हता. मला जेमतेम चार कॉर्ड येत होते आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना मधे एवढा वेळ लागायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, गाणं संपलं.

"चांगला," मी म्हणाले.

सम्मेदने समजूतदारपणे मान हलवली. माझं उत्तर चुकलं होतं, पण त्याने ते जाणवू दिलं नाही. हे मला आवडलं. आणि त्या दिवशी मला काय आवडतं, काय आवडत नाही, याकडे दोन्ही घरांचं बारीक लक्ष होतं. कारण आम्ही कोल्हापूरच्या त्या दुकानात ॲम्प घ्यायला आलो असलो, तरी तो आमचा बघण्याचा कार्यक्रम होता.

झालं होतं ते असं. मी तेव्हा सांगलीतल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. माझ्या विभागातल्या एका मॅडमना हैदराबादला नोकरी मिळाली आणि जाताना त्यांनी त्यांची इलेक्ट्रिक गिटार मला देऊन टाकली. ती ॲम्पशिवाय, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याशिवाय, वाजवली की डास गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. तरी मी रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर तासभर ती घेऊन बसायचे. कल्पनामावशीने, म्हणजे आमच्या नात्यातली निम्मी लग्नं जिने जमवली तिने, माझा बायोडाटा नव्याने तयार करताना 'छंद' या शब्दापुढे 'गिटार' घातलं. मी 'शिकत आहे' असं कंसात लिहायला सांगितलं होतं. मावशी म्हणाली, "कंस बघून लोक संशय घेतात."

मग तिला मिरजेच्या चौगुल्यांचा मुलगा सापडला. पुण्यात मोठ्या कंपनीत, निर्व्यसनी, आणि छंदात गिटार. मावशीच्या दृष्टीने लग्न तिथेच झालं होतं, आता फक्त आमंत्रणपत्रिका छापायची बाकी होती.

सम्मेदचा पहिला फोन आला तेव्हा त्याने माझ्या स्वयंपाकाबद्दल विचारलं नाही, पुण्यात नोकरी करणार का असंही विचारलं नाही. त्याने विचारलं, "ॲम्प कुठला आहे तुमच्याकडे?"

"अजून घेतला नाही."

"बरं झालं," तो एकदम सुटल्यासारखा म्हणाला. "नवीन माणूस पहिला ॲम्प चुकीचा घेतो आणि मग हात कायमचा बिघडतो. तुम्ही मॉडेलिंग ॲम्प घ्या. म्हणजे बघा, एकच ॲम्प असतो, पण जगातल्या सगळ्या नामांकित ॲम्पांचे आवाज त्यात नक्कल करून भरलेले असतात. बटण फिरवलं की मॉडेल बदलतं. घाईत काही करू नका. मी थोडं पाठवतो, ते बघा."

त्याने जे थोडं पाठवलं ते बघायला मला दिवाळीची सुट्टी लागली. एकेका व्हिडिओत एकेक गोरा माणूस दोन सारखे डबे समोर ठेवून तासभर दोन्हींतला फरक ऐकवायचा. मला दोन्ही सारखेच वाटायचे. सम्मेद संध्याकाळी फोन करून विचारायचा, "कळला का फरक?" मी होय म्हणायचे. मी तोवर दोन मुलांना नाही म्हणाले होते आणि एकाने मला. आईने अलीकडे माझ्याशी लग्नाबद्दल बोलणं बंद केलं होतं, त्याऐवजी ती माझ्यासमोर उसासे टाकत भाजी निवडायची. त्या मानाने डब्यांतला फरक कळल्याचं सांगणं सोपं होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला तो आवडू लागला होता. इतक्या तळमळीने माझ्या कुठल्याच गोष्टीचा विचार आजवर कोणी केला नव्हता.

शेवटी त्यानेच सुचवलं, की घरात समोरासमोर बसून पोहे खाण्यापेक्षा सगळेच कोल्हापूरला जाऊ, ॲम्प बघू, बोलणंही होईल. मावशीला ही कल्पना इतकी आवडली की ती पुढे कितीतरी लग्नांत वापरायचं तिने ठरवून टाकलं.

तर आम्ही दुकानात होतो. बाहेरच्या बाजूला तबले, हार्मोनियम, लेझमा, आत गिटार, आणि एका कोपऱ्यात हे ॲम्प.

"टोन राहू दे. आपण आधी मॉडेल ऐकू," सम्मेद म्हणाला आणि त्याने बटण फिरवलं. "वाजवा."

मी एक कॉर्ड वाजवला. खणखणीत आवाज आला. इतके दिवस डास ऐकल्यावर मला एवढं बरं वाटलं, की तिथेच उठून 'हाच द्या' म्हणावंसं वाटलं.

"हे झालं क्लीन. आता मॉडेल बदलून बघू." त्याने बटण फिरवलं. "वाजवा."

मी तोच कॉर्ड वाजवला. ट्रक गिअर बदलतो तसा आवाज आला. आईने पदर कानाशी नेला.

"हे ब्रिटिश," सम्मेद म्हणाला.

"त्या काळचं दिसतंय," अण्णा आदराने म्हणाले.

अशी बरीच मॉडेलं झाली. प्रत्येकात माझा तोच कॉर्ड विहिरीतून, बोगद्यातून, नाहीतर उकळत्या तेलातून आल्यासारखा यायचा. मोठ्या माणसांना नुसतं उभं राहणं अवघड वाटायला लागलं, तेव्हा त्यांनीही भाग घ्यायला सुरुवात केली.

"वीज किती खातो हा?" सम्मेदचे वडील, अण्णासाहेब चौगुले यांनी विचारलं. ते साखर कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही यंत्राकडे बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"फार नाही साहेब," काशीद म्हणाले.

"गॅरंटी?" आमच्या अण्णांनी विचारलं.

"आहे की साहेब. अगदी बरोबर विचारलंत."

"यात दुसरा रंग आहे का?" माझ्या आईने विचारलं. "काळा डोळ्यावर येतो."

"काळाच येतो ताई, पण कव्हर शिवून मिळेल. पाहिजे तो रंग."

सम्मेदने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काशीदांना म्हणाला, "लूपर आहे का यात? नसेल तर उपयोग नाही."

"आहे की साहेब," काशीद म्हणाले. लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा परत परत ऐकवणारी सोय, हे त्यांना माहीत असेल असं वाटलं नाही. पण त्यांच्या दुकानात कुठलीही गोष्ट नाही असं कधी नव्हतंच.

तेवढ्यात सम्मेदच्या आईने तोंड उघडलं. रत्नमालाकाकू. त्या सकाळपासून जवळजवळ काहीच बोलल्या नव्हत्या. नारिंगी काठांची साडी, हातात घट्ट धरलेली पर्स, दारापाशी खुर्ची ओढून बसलेल्या.

"याला हेडफोन लागतो का?" त्यांनी विचारलं.

"आई, हेडफोन प्रत्येकालाच लागतो," सम्मेद म्हणाला. "तो मुद्दा नाहीये."

"नाही, म्हणजे हेडफोन लावला की बाहेर अजिबात ऐकू येत नाही ना? शेजारच्या खोलीतही?"

"अजिबात नाही ताई," काशीद म्हणाले.

काकूंनी मान हलवली. अण्णासाहेब हसून आम्हाला म्हणाले, "तिला आवाजाचा त्रास होतो." सगळे हसले. काकूही हसल्या.

मी मान वळवून सम्मेदला विचारलं, "तुम्ही वाजवून दाखवा ना. मला चारच कॉर्ड येतात, त्यात फरक काय कळणार."

"मी ऐकतो. ऐकणाऱ्याला जास्त कळतं."

"थोडंसं. काहीही."

त्याने ॲम्पची वायर सरळ केली. "खरं म्हणजे मी सध्या वाजवत नाही."

"कधीपासून?"

"वाजवत नाही म्हणजे, माझा अजून सेटअप पूर्ण व्हायचाय. गिटार तीन आहेत. पण ॲम्पचं अजून नक्की होत नाही. ते झालं की शिकायला सुरुवात करणार आहे. उगाच चुकीच्या आवाजावर शिकून कान का बिघडवायचा?"

त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. पाणी तापल्याशिवाय आंघोळ कशी करणार, इतक्या सरळपणे तो सांगत होता. मी त्याच्या आईकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "दर रविवारी पुसतो पण. मऊ फडक्याने."

माझ्या आईने लगेच माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेचा अर्थ होता, व्यवस्थित आहे मुलगा.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी मनात त्याची बाजू घेत होते. वाजवत नाही तर नाही. माझे वडील दर महिन्याला शेतीचं मासिक वाचतात आणि त्यांच्याकडे कुंडीसुद्धा नाही. माणसं असतात अशी. चांगली असतात.

थोड्या वेळाने काशीद म्हणाले की याच्याच वरचं मॉडेल माडीवर गोडाउनात आहे, पण जड आहे, वर येऊनच बघावं लागेल. सम्मेदचे डोळे चमकले. तो त्यांच्याबरोबर जिना चढून गेला. दोन्ही वडील चहा घ्यायला फुटपाथवर गेले आणि उसाच्या दराबद्दल बोलू लागले. आईला समोरच्या दुकानात कव्हराचं कापड बघायचं होतं. दुकानात मी आणि रत्नमालाकाकू उरलो.

त्यांनी जिन्याकडे बघितलं, मग दाराकडे. मग उठून माझ्याशेजारी आल्या.

"मी जरा ऐकून बघू का ते हेडफोन लावून?"

"बघा की काकू."

मी काउंटरवरचा हेडफोन ॲम्पला जोडून दिला. मला वाटलं, त्या कानाला लावून बसतील आणि मी माझा कॉर्ड वाजवेन. त्यांनी हेडफोन कानांवर चढवला आणि माझ्या हातातली गिटार घेतली. स्टुलावर बसल्या, आणि गिटार छातीशी न धरता मांडीवर आडवी ठेवली, तारा वर, पोळपाट ठेवावा तशी. मग त्या खुंट्या पिळायला लागल्या. एक तार उतरवली, दुसरी चढवली, अंगठ्याने छेडून बघितली. त्या हे करताना खुंट्यांकडे बघत नव्हत्या. पर्स उघडून त्यांनी निलगिरी तेलाची छोटी काचेची बाटली काढली, पदराने पुसली, आणि डाव्या हातात आडवी धरून तारांवर टेकवली.

मग त्या वाजवू लागल्या.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. तारांची बारीक किणकिण सोडली तर दुकान शांत होतं. मला दिसत होती ती बाटली. ती तारांवरून घरंगळत पुढे जायची, एका जागी येऊन थरथरायची आणि तिथून उचलल्यासारखी मागे यायची. उजव्या हाताचं बोट त्या त्या क्षणी तार छेडायचं. त्यांचा चेहरा सकाळपासूनचा राहिला नव्हता. ओठ थोडे उघडे होते, भुवया वर. त्यांना त्या डब्यातून काय ऐकू येतंय ते मला ऐकायचं होतं, पण हेडफोन मागायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुढे सम्मेद, मागे काशीद.

"आई, हे काय करतेस?" तो म्हणाला. "तारा का ढिल्या केल्यास?"

त्यांना ऐकू गेलं नाही. काशीद मात्र हादरले. दुकानातला ॲम्प, मांडीवर आडवी गिटार, तारांवर काचेची बाटली. काहीतरी फुटणार या भीतीने ते पुढे आले आणि त्यांच्या हाताला आली ती पहिली वायर त्यांनी ॲम्पमधून उपटली. ती हेडफोनची होती.

आणि आवाज बाहेर आला.

क्षणभर बाटली तारेवर थबकली. काकूंना कळलं होतं. मग ती पुढे गेली.

जुन्या भावगीताची चाल होती, आमच्या लहानपणी सकाळी रेडिओवर लागायची तसली. पण कोणीतरी शब्द गिळून नुसता गळा ठेवावा तसा तो आवाज होता. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येत होती. फुटपाथवर उसाचा दर थांबला. दोन्ही वडील दारात येऊन उभे राहिले. माझी आई कापडाचा तुकडा हातात घेऊन समोरून आली, आणि रस्ता ओलांडायचा सोडून पलीकडेच थांबली.

"तू अजून वाजवतेस?" अण्णासाहेब म्हणाले. मग आमच्याकडे वळून, काहीतरी खुलासा करायला हवा म्हणून, हळू आवाजात म्हणाले, "लग्नाआधी वाजवायची. हवाइन गिटार. इचलकरंजीच्या एका ऑर्केस्ट्रात होती. फार नाव होतं. आम्ही त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोक वेगळंच समजतात."

"मग बंद का केलं?" मी विचारलं.

"बंद असं नाही. आमचं घर पाहुण्यांचं. वडीलधारी माणसं. आवाज बाहेर जातो ना." त्यांनी विचार केला. "कोणी बंद कर म्हणालं नाही कधी."

मी सम्मेदकडे बघितलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तो आईच्या हाताकडे टक लावून बघत होता. मला आठवतंय, मी मनात म्हणाले, आता याने नुसतं उभं राहावं. बाकी काही नको. नुसतं उभं राहून ऐकावं.

तो ॲम्पपाशी गेला.

"मिड जरा जास्त झालाय," तो म्हणाला आणि त्याने बटण फिरवलं.

आवाज पातळ झाला, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. काकू वाजवत राहिल्या.

"थांब आई, या स्टाइलला दुसरं मॉडेल बसेल. वाजवत राहा." त्याने परत फिरवलं. आवाज बोगद्यात गेला. तीच चाल स्वतःच्याच मागे धावू लागली, एकीवर एक येऊन आदळू लागली. "हा इको जास्त आहे. एक मिनिट. हे ब्रिटिश लावून बघू." सुराच्या ऐन थरथरीत ट्रकने गिअर बदलला.

काकूंनी बाटली उचलली.

"झालं," त्या म्हणाल्या. त्यांनी बाटली पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली आणि गिटार माझ्या हातात दिली. "तारा परत लावून घ्या काशीदांकडून. मी उतरवल्यात."

सम्मेद माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा इतका आनंदी झाला होता की बघवेना. "बघितलंत? एकच वाद्य आणि किती आवाज निघाले. म्हणून मी म्हणत होतो, घ्यायचा तर व्हर्सटाइलच घ्यायचा."

"होय," मी म्हणाले.

"वरचं मॉडेल अजून चांगलं आहे. पण मी म्हणेन, थोडं थांबू. मार्चमध्ये नवीन येणार आहे."

सूर्य कलायला लागला होता. आमच्या दोन्ही जैन घरांत दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत, त्यामुळे आता सगळ्यांना घाई झाली. ॲम्प घेतलाच नाही. काशीदांनी तरीही सगळ्यांना लवून नमस्कार केला आणि अण्णासाहेबांना सांगितलं की वहिनींसारखा हात त्यांनी आजवर ऐकला नव्हता, आणि आमच्या अण्णांना सांगितलं की माझाही हात उत्तम आहे.

गाडीत अण्णा म्हणाले, "मुलगा अभ्यासू आहे."

"शांत आहे," आई म्हणाली. "एवढा वेळ गेला पण एकदा चिडला नाही. माझं कव्हराच्या रंगाचंसुद्धा ऐकून घेतलं."

मी खिडकीबाहेर बघत होते. सांगलीच्या अलीकडे अंकली आली. मग मी म्हणाले, "मला नाही करायचं."

आईने उसासा टाकला नाही. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. "का पण?"

"तो ऐकत नाही."

"तासभर तुझंच ऐकत होता की. तुझा तोच एक कॉर्ड."

त्यांना काय सांगणार होते? त्यांनी तेच बघितलं होतं जे मी बघितलं. त्याच दुकानात, त्याच वेळी. त्यांना दिसला होता आईला मदत करणारा मुलगा.

"गिटार वाजवत नाही तो," मी शेवटी म्हणाले.

"तू तरी कुठे वाजवतेस?" अण्णा म्हणाले.

कल्पनामावशीने चौगुल्यांना कळवलं की मुलीला पीएचडी करायची आहे. मग ते खरं करण्यासाठी मला पुढे पीएचडी करावी लागली, पण ती वेगळी गोष्ट. त्या वेळी मावशी माझ्याशी बरेच दिवस नीट बोलली नाही. "दोघांनाही गिटार," ती ज्याला त्याला सांगायची, "आणि तरी नाही म्हणाली. आता मी पेटीवाला कुठून आणू?" सम्मेदने मात्र एक मेसेज पाठवला. काही हरकत नाही, असं लिहिलं होतं, आणि खाली मार्चमधल्या नव्या मॉडेलचा व्हिडिओ. मी तो मेसेज अजून पुसलेला नाही. वाईट माणूस नव्हता तो. पुढे त्याचं पुण्यातल्याच एका मुलीशी लग्न झालं. माझंही झालं, संगीतातलं काही कळत नाही असं पहिल्या भेटीत सांगणाऱ्या माणसाशी.

मी मार्चपर्यंत थांबले नाही. एका शनिवारी एकटीच कोल्हापूरला गेले आणि तोच छोटा ॲम्प घेऊन आले. काशीदांनी विचारलं, "साहेब नाही आले?" मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, "अगदी बरोबर केलंत."

होळीच्या सुमाराला एका दुपारी मला फोन आला.

"मी रत्नमाला चौगुले. सम्मेदची आई. ओळखलंस का?"

मी एकदम उभी राहिले. नकाराबद्दल कोणीतरी कधीतरी बोलणार, याची भीती मनात होतीच.

"लग्नाचं राहू दे, ते झालं गेलं," त्या म्हणाल्या. "तो ॲम्प घेतलास का तू?"

"घेतला."

"गुरुवारी दुपारी घरी असतेस का? मी बसने येईन. ह्यांना सांगेन दवाखान्यात जाते म्हणून."

गुरुवारी माझं कॉलेज दुपारी लवकर सुटायचं. आईला सांगितलं तेव्हा तिला मोठा प्रश्न पडला. ज्यांच्या मुलाला आपण नाकारलं, त्या बाईंचं स्वागत कसं करायचं, याचा कुठेच रिवाज नव्हता. पोहे केले तर टोमणा वाटेल, काही केलं नाही तर राग वाटेल. शेवटी तिने शिरा केला, हळदीकुंकवाचं ताट तयार ठेवलं आणि स्वतः देवळात निघून गेली.

काकू आल्या. त्यांनी शिरा खाल्ला, वाटी धुऊन ठेवली. मग पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक बोटभर लांबीची पोलादी कांडी काढली. "माहेरी होती. कपाटात. भावजयीला वाटलं होतं, कसलातरी सुटा भाग आहे."

त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि खुंट्या लावायला सुरुवात केली. मी ॲम्प सुरू केला. मला राहवेना.

"काकू, तुम्हाला माझा राग नाही ना आला?"

"कशाचा?"

"मी नाही म्हणाले त्याचा."

"सम्मेदला वाईट वाटलं दोनतीन दिवस. ह्यांना राग आला, तो अजून आहे." त्यांनी एक तार छेडली, कान दिला, किंचित चढवली. "मला खरं सांगू का? तू हो म्हणाली असतीस तर तू आमच्या घरी आली असतीस, आणि हा डबाही. मग तुझ्यासमोर मी अशी मांडीवर गिटार घेऊन बसले असते होय? सासू मी. पाहुणे आले की तू चहा केला असतास आणि मी तुला म्हणाले असते, हळू वाजव गं, बाहेर आवाज जातो. म्हणालेच असते मी. मला माहिती आहे." त्यांनी शेवटची तार लावली. "आता तू माझी कोणीच लागत नाहीस. बरं झालं."

दुपारची वेळ होती. खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत शेजारच्या सोनाबाई कपडे वाळत घालत होत्या.

"खिडकी लावून घेऊ का?" मी विचारलं.

काकूंनी मान वर करून बाहेर बघितलं. सोनाबाईंनीही आमच्याकडे बघितलं.

"नको," काकू म्हणाल्या. "इथं मला कोण ओळखतंय?"

आणि त्यांनी कांडी तारांवर टेकवली.